घाट चढवणारी, यार्ड सावरणारी इंजिनं

मुंबईतलं पहिलं वाफेचं इंजिन कोणतं, असं विचारलं की साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन नावं लगेच सांगितली जातात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी याच तिघांनी ओढली. पण त्याच्या वर्षभर आधी, १८५२ मध्ये, भायखळ्याच्या मोकळ्या माळावर एक इंजिन राबत होतं. तेव्हाच्या गव्हर्नरांवरून त्याला 'लॉर्ड फॉकलंड' म्हणत. मार्ग बांधणाऱ्या फेव्हिएल आणि फाउलर या कंत्राटदारांचं ते इंजिन. बांधकामाचं सामान वाहायचं, वाघिणी पुढे ढकलायच्या, मागे घ्यायच्या, लागतील तिथे नेऊन उभ्या करायच्या, हे त्याचं काम. या मुलखात वाफेवर चाललेलं पहिलं इंजिन शंटिंगचं होतं. पहिल्या गाडीचा दिवस आपण दरवर्षी आठवतो, तिच्यासाठी रूळ तयार करून देणाऱ्या या इंजिनाचं नाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

मी इंजिनांच्या जातकुळींचा अभ्यासक आहे आणि राहतो शहापूर तालुक्यात. इथल्या रेल्वेचा इतिहास वाचताना एक गोष्ट मला पक्की पटली आहे. गाडीच्या पुढे धावणाऱ्या इंजिनाइतकाच या तालुक्याचा इतिहास गाडीच्या मागे लागणाऱ्या आणि यार्डात फिरणाऱ्या इंजिनांनी घडवला. ती बाजू सांगण्यासाठी हा लेख.

रेल्वे आपल्याकडे टप्प्याटप्प्यानं आली. १ मे १८५४ ला ती कल्याणला पोचली आणि १ ऑक्टोबर १८५५ ला वासिंदला. १८६० मध्ये आसनगाव झालं, १ जानेवारी १८६१ ला कसारा. पुढचं स्टेशन इगतपुरी, अंतर जेमतेम १५ किलोमीटर. तिथे गाडी पोचायला मात्र १ जानेवारी १८६५ उजाडला. चार वर्षं कसारा हेच या मार्गाचं शेवटचं टोक होतं. पुढे सह्याद्रीची भिंत उभी होती.

ही भिंत कुठून ओलांडायची, यावर आधी बराच खल झाला होता. हा मार्ग बांधणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या सुरुवातीच्या विचारात मुरबाडच्या अंगाचा माळशेज घाटही होता. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी डोंगर पाहून अखेर भोर आणि थळ हे दोन घाट निवडले. नाणेघाटाच्या पायथ्याशी दोन हजार वर्षांपासून व्यापाराची वाट असलेला मुरबाड तालुका त्या एका निर्णयानं रेल्वेच्या नकाशाबाहेर राहिला, तो आजही बाहेरच आहे. शहापूरच्या वाट्याला मात्र कसारा आणि इगतपुरीमधला थळघाट आला, आणि त्याच्याबरोबर घाटातलं अवघड यंत्रकामही.

हा घाट अवघड का, ते एका हिशेबानं कळतं. चढ आहे ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. ५०० टनांची मालगाडी या चढावर नुसती धरून ठेवायची म्हटली तरी साडेतेरा टनांची ओढ लागते. चाकांचं घर्षण आणि वळणांचा अडसर त्यात आणखी भर घालतात. इंजिनात वाफेचा जोर कितीही असो, चाक रुळाला धरून राहिलं तरच तो उपयोगी पडतो. कोरड्या रुळावर चाकांवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकी ओढ मिळते. कसाऱ्याचा पाऊस सुरू झाला, रूळ ओले झाले, त्यावर झाडांचा पाला पडला की हा हिस्सा झपाट्यानं खाली येतो आणि चाकं जागच्या जागी गरगरतात. म्हणून इंजिनावर कोरड्या वाळूची पेटी असते. चाकापुढे वाळूची बारीक धार सोडत गाडी चढवावी लागते.

उपाय दोनच होते. पहिला, सगळं वजन चालत्या चाकांवर येईल असं इंजिन बनवायचं. दुसरा, गाडीच्या मागेही इंजिन लावायचं. मागच्या इंजिनाला आपल्याकडे सगळे 'बँकर' म्हणतात. चढाला लागलेल्या बैलगाडीला मागून खांदा द्यावा, तसं त्याचं काम. त्याचे फायदे दोन. डबे जोडणाऱ्या पुढच्या कपलिंगवरचा ताण निम्म्यानं उतरतो. आणि दुर्दैवानं कपलिंग तुटलंच तर मागचे डबे उताराला लागत नाहीत, बँकर त्यांना अडवून धरतो. पुढचा ड्रायव्हर आणि मागचा ड्रायव्हर एकमेकांना दिसत नाहीत. दोघांचं बोलणं शिट्टीवर चालतं. जोर लाव, वाफ तोड, थांब, या प्रत्येक गोष्टीसाठी ठरलेली शिट्टी.

जीआयपीनं आपल्या घाटांसाठी खास इंजिनं मागवली ती मँचेस्टरच्या शार्प स्ट्युअर्ट कारखान्याकडून, १८६२ मध्ये. आराखडा होता अभियंता केरशॉ यांचा. बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली पाण्याची टाकी, सहा जोडचाकं आणि पुढे वळणात वाट दाखवणारी चार लहान चाकं. या इंजिनांचा ब्रेकही वेगळा होता. चाकांना आवळणाऱ्या ब्रेकबरोबर इंजिनांना थेट रुळावर दाबला जाणारा घसरपट्टीचा ब्रेक दिला होता. घाटात चढणं कठीण, उतरणं त्याहून जोखमीचं. गाडीभर एकत्र लागणारा व्हॅक्यूम ब्रेक तेव्हा नव्हता. उतरणाऱ्या गाडीचा सगळा भार इंजिनाच्या आणि गार्डांच्या हातब्रेकवर असे. पुढच्या काळात गाड्या जड झाल्या, तशी घाटासाठी आठ जोडचाकांची टँक इंजिनं आली.

आता या इंजिनाचा बांधा नीट पाहा. लहान व्यासाची चाकं, कारण वेग नको, जोर हवा. वेगळा टेंडर नाही. कोळसा आणि पाणी इंजिनावरच, त्यामुळे त्यांचं वजनही चाकांच्या पकडीला मदत करतं. पुढे आणि मागे सारख्याच सोयीनं चालता येतं, फिरवायला टर्नटेबल लागत नाही. हेच तर शंटिंग इंजिनाचं वर्णन आहे! यार्डातल्या इंजिनालाही वेग नको असतो. थांबलेला जड रेक हलवायचा, पाच-पंचवीस पावलं नेऊन थांबवायचा, लगेच उलटा फिरवायचा. घाटातला बँकर आणि यार्डातला शंटर एकाच घराण्यातले. टँक इंजिनाचा दोषही दोघांना सारखाच. टाकीतलं पाणी संपत आलं की वजन घटतं आणि पकड सैल होते. घाटात हे ध्यानात ठेवून पाणी भरायच्या जागा ठरवाव्या लागत.

थळघाटात तर शंटिंग प्रवासाचाच भाग होतं. मूळ मार्गावर रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी एका टोकाला बंद असलेल्या मार्गावर शिरे. तिथे इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट्या दिशेनं पुढचा चढ चढे. वळण घेऊन चढायला डोंगरात जागा नसल्यानं काढलेली ही युक्ती. मुंबईहून नाशिकला जाणाऱ्या प्रत्येक गाडीसाठी डोंगराच्या कुशीत सांधे बदलणारी, कपलिंग सोडणारी, पुन्हा जोडणारी माणसं तैनात असत. पुढे नवी आखणी झाली आणि हा थांबा गेला.

ब्रिटनमध्ये याच काळात शंटिंग इंजिनांच्या स्वतंत्र जाती घडत होत्या. त्यातली माझ्या मते सर्वांत शिकवून जाणारी जात म्हणजे जे-७२. नॉर्थ ईस्टर्न रेल्वेच्या विल्सन वर्सडेल यांनी १८९८ मध्ये हे सहा चाकांचं छोटं टँक इंजिन आखलं. त्या कंपनीनं ७५ बांधली. १९२३ मध्ये कंपन्यांचं एकत्रीकरण झालं, नवी एलएनईआर कंपनी आली, तिनं १९२५ मध्ये त्याच आराखड्यावर आणखी १० बांधली. मग रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं आणि ब्रिटिश रेल्वेनं १९४९ ते १९५१ या काळात २८ बांधली. मालक तीन झाले, दोन महायुद्धं झाली, तरी त्रेपन्न वर्षं आराखडा तोच. मेल गाडीच्या इंजिनाला असं भाग्य लाभलं नाही. तिथे दर दशकाला नवा वेग, नवा डौल हवा असतो. यार्डातलं काम मात्र बदलत नाही, म्हणून तिथे नेमकं जमलेलं यंत्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. एकूण ११३ जे-७२ इंजिनांपैकी आज एकच जपलेलं आहे.

ब्रिटनमधल्याच एलएमएस कंपनीची 'जिंटी' या नावानं ओळखली जाणारी ४२२ इंजिनंही याच पठडीतली. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला लवकर आणि स्वस्तात बांधता येईल असं शंटर हवं होतं. १९४३ पासून हंसलेट कारखान्याच्या आराखड्यावर 'ऑस्टेरिटी' नावाची खोगीर-टाकीची इंजिनं बनू लागली. मागणी एवढी होती की हंसलेटबरोबर इतर कारखान्यांनाही काम वाटून द्यावं लागलं. त्यातला एक होता लँकेशायरमधला व्हल्कन फाउंड्री. आपली साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनं तिथेच जन्मली होती.

भारतात चित्र वेगळं राहिलं. इथे शंटिंगसाठी खास जाती कमीच मागवल्या गेल्या. आपल्या रेल्वेत इंजिनाच्या आयुष्याला उतरती भाजणी असे. नवं इंजिन मुख्य मार्गावर. त्याहून ताकदीचं आलं की जुनं शाखा मार्गावर, आणि शेवटी यार्डात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश मानकांप्रमाणे बनलेली एसजीसी आणि एसजीएस ही सहा चाकांची मालगाडीची इंजिनं पुढे देशभरच्या यार्डांत शंटिंग करत राहिली. मागे टेंडर असल्यानं उलट चालताना ड्रायव्हरला नीट दिसत नसे, तरी त्यांनी ते काम निभावलं. ठळक अपवाद मुंबई बंदराचा. १९१५ मध्ये सुरू झालेल्या पोर्ट ट्रस्ट रेल्वेला लांबचा प्रवास नव्हताच. गोदीतून आलेला माल वडाळ्यापर्यंत आणून मोठ्या रेल्वेच्या हवाली करायचा. तिच्यासाठी नॅस्मिथ विल्सन कारखान्यानं दहा जोडचाकांची भक्कम टँक इंजिनं बनवली.

आपल्या घाटातली वाफ मात्र लवकर निवाली. १९३० पर्यंत कल्याण ते इगतपुरी मार्गावर वीज आली. ठाकुर्लीच्या चोळा वीजघरात कोळसा जळे आणि इंजिन घाटात धूर न काढता चढे. बोगद्यात धुरानं गुदमरणाऱ्या ड्रायव्हर-फायरमनना यामुळे मोठाच दिलासा मिळाला असणार. त्या विजेवर आलं ते लांब नाकाचं, रॉडनं जोडलेल्या चाकांचं ईएफ-१, म्हणजे नंतरचं डब्ल्यूसीजी-१. लोकांनी त्याला नाव दिलं खेकडा. एकूण ४१ खेकडे आले. पहिले दहा स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरचे, बाकीचे व्हल्कन फाउंड्रीचे. ताकद २,६०० अश्वशक्ती. साठेक वर्षं त्यांनी काम केलं आणि उतारवयात तेही शंटिंगला लागले. वाफ गेली, वीज आली, तरी घाटातून यार्डाकडे जाण्याची रीत तीच राहिली.

१९७० च्या दशकात चित्तरंजनची डब्ल्यूसीजी-२ इंजिनं आली, ५७ नग, आणि घाटातला बँकर देशी झाला. यार्डात डिझेल शंटर आले. पुढे २००६ पासून या मार्गावरच्या डीसी (एकदिश) विजेची जागा एसी (प्रत्यावर्ती) विजेनं घेतली, २०१५ मध्ये मुंबईपर्यंतचं काम संपलं आणि डीसीवरची ती इंजिनंही गेली. कसाऱ्याला गाडीमागे इंजिन लावण्याची पद्धत मात्र वाफेच्या काळापासून आजपर्यंत सुरू आहे. ३७ ला १ हा चढ कोणत्याही विजेनं सपाट होत नाही.

या सगळ्यात माणसांची बाजू सर्वांत कमी नोंदली गेली आहे. शंटर, सांधेवाला, खलाशी, फायरमन. शंटिंगमध्ये वाघिणींच्या मधे वाकून शिरायचं, जड साखळी उचलून आकड्यात टाकायची, स्क्रू आवळायचा आणि बाहेर यायचं. रात्र असो की आषाढाचा पाऊस, इशारा चुकला की दोन बफरांच्या मधे माणूस सापडे. मेल ड्रायव्हरचे फोटो निघाले, सत्कार झाले. सांधेवाल्याचं नाव हजेरीपटात राहिलं आणि हजेरीपट रद्दीत गेला. आमच्या तालुक्यातल्या आणि इगतपुरीच्या रेल्वे वसाहतीतल्या किती घरांत ही नोकरी पिढीजात होती, हे जुन्या माणसांशी बोललं की कळतं.

ब्रिटनमध्ये ऑस्टेरिटी जातीची साठाहून अधिक इंजिनं आज जपलेली आहेत. ती बहुतेक हौशी मंडळांनी, निवृत्त कामगारांनी आणि वर्गणी काढणाऱ्या सामान्य लोकांनी वाचवली. आपल्याकडे खेकडा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रातही आहे. ज्या घाटासाठी तो बनला, त्या घाटाच्या पायथ्याशी, कसाऱ्यात, बँकरची परंपरा सांगणारं एखादं इंजिन आणि त्याच्याजवळ चार ओळींची पाटी असायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

ते होईल तेव्हा होवो, एक काम आजच सुरू करता येईल. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा, इगतपुरी इथल्या ज्या घरांत आजोबा-पणजोबा रेल्वेत होते, त्यांनी जुने पास, सेवापुस्तिका, फोटो, बिल्ले, कंदील टाकून देऊ नयेत. त्यांच्यामागे नाव, गाव, हुद्दा आणि साल लिहून ठेवावं. घरात निवृत्त शंटर किंवा ड्रायव्हर असतील तर त्यांचं बोलणं मोबाइलवर नोंदवून घ्यावं आणि त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात द्यावी. या दिवाळीत नातेवाईक एकत्र जमतील, तेव्हा हे काम नक्की करा.