अक्षरांचे स्थलांतर

संगणक बदलणे म्हणजे घर बदलण्यासारखेच, असे पुष्कळांना वाटते. जुन्यातले सामान उचलावे, नव्यात मांडावे, की झाले! इंग्रजीत कामकाज करणाऱ्यांचा अनुभव बहुधा तसाच असतो. परंतु पंचवीस-तीस वर्षे मराठीत टंकलेखन करीत आलेल्या एखाद्या संस्थेत हा खटाटोप निराळेच रूप घेतो. शहाद्याच्या आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीत तो या हिवाळ्यात आम्ही अनुभवला.

कचेरीत दोन संगणक होते. पहिल्यावर हिशेब, पत्रव्यवहार आणि सरकारी अर्ज. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला, तेव्हा तो बदलून नवा घ्यायचे ठरले. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. एका दुपारी सारे पार पडले. दुसरा मात्र कोपऱ्यात, भरतकाम केलेल्या कापडाखाली झाकलेला, विंडोज ९८ वर चालणारा आणि केवळ मराठी छपाईसाठी राखलेला. शहाद्याचा उन्हाळा, कापसाच्या हंगामातील धूळ आणि वेळी-अवेळी जाणारी वीज या तिहींना तोंड देत तो टिकून राहिला होता. अलीकडे सुरू होताना त्याला धाप लागे. त्याचेही सामान नव्यात हलवावे, असे फादरांनी सुचवले.

स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांच्या नोंदींची मला काळजी नव्हती. १९८३ च्या धर्मसभेच्या कायदेसंहितेतील ५३५ व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामात ही पुस्तके ठेवावी लागतात, आणि जुनी पुस्तके काळजीपूर्वक जपावीत असेही तेथे सांगितले आहे. हाताने लिहिलेल्या त्या जाडजूड वह्या कपाटात सुरक्षित आहेत. (कागदावर अडून बसणाऱ्या या नियमाला पूर्वी मी मनातल्या मनात हसत असे, आता हसत नाही.) काळजी होती ती आमच्या दिवंगत धर्मशिक्षक मास्तरांच्या गाण्यांची.

मास्तर जन्माने पावरा, अक्राणीच्या डोंगरातले. दिवसभर पाड्यापाड्यांवर धर्मशिक्षण देत फिरायचे आणि संध्याकाळी कचेरीत येऊन एका बोटाने टंकलेखन करायचे. लग्नाची, पेरणीची, होळीची पावरी गाणी त्यांनी म्हाताऱ्या बायकांकडून मिळवली होती. त्यांच्याच चालींवर उपासनेसाठी भक्तिगीतेही रचली होती. त्यातली काही गाणी नर्मदाकाठच्या कुटुंबांची होती. सरदार सरोवराच्या पाण्याने १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीला गाठले. त्यानंतरच्या वर्षांत तिकडची अनेक माणसे तळोदा आणि शहादा तालुक्यांतील वसाहतींत येऊन राहिली. घराची लाकडे, भांडीकुंडी, गुरे त्यांना आणता आली. नदी आणता आली नाही. पण गाण्यात ती वाहतच होती, आणि मास्तरांनी तिला संगणकात उतरवले होते. २०१६ साली मास्तर देवाघरी गेले. त्यांच्या मूळ वह्या वाळवीने खाल्ल्या. उरली ती एकच प्रत, त्या कापडाखालच्या यंत्रात.

नाताळच्या सुट्टीत नाशिकला अभियांत्रिकी शिकणारा आमच्याच धर्मग्रामातील एक तरुण आला. त्याने जुन्या संगणकाचे पोट उघडले, हार्ड डिस्क बाहेर काढली आणि एका तारेने ती नव्याला जोडली. इतक्या वर्षांचे सगळे काम काही मिनिटांत पलीकडे गेले आणि नव्या यंत्राचा एक कोपराही भरला नाही. “झालं काका,” तो म्हणाला. मी मास्तरांच्या गाण्यांची फाइल उघडायला सांगितली. पडद्यावर उमटली ती युरोपीय अक्षरे, डोक्यावर टिंबे व टोप्या घातलेली, मध्येच पौंडाची खूण, मध्येच प्रश्नचिन्हे. मराठीचा मागमूस नव्हता.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. फाइल म्हणजे मजकूर; प्रोग्राम म्हणजे तो मजकूर वाचणारा कारकून. फाइल उचलून नेता येते. कारकून सहसा तसा येत नाही. तो जुन्या यंत्राच्या कानाकोपऱ्यांत पसरलेला असतो, त्याची पुन्हा रीतसर स्थापना करावी लागते. आमच्या मराठी प्रोग्रामला तर वर कुलूप होते: आगपेटीएवढे एक यंत्र, संगणकाच्या मागच्या रुंद खोबणीत बसवायचे, त्याशिवाय प्रोग्राम जागा होत नसे. नव्या संगणकाला तशी खोबणच नाही. शिवाय तो सोळा बिटांच्या जमान्यातला. आजच्या चौसष्ट बिटांच्या विंडोजवर ते प्रोग्राम मुळीच चालत नाहीत.

आणि मजकूर तरी मराठी कुठे होता? १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली, १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण ठरले, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र विभाग मिळाला. पण सामान्य विंडोज संगणकावर युनिकोडमधील देवनागरी चालू लागली ती विंडोज २००० पासून. मधल्या काळात श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींनी मराठीचा संसार चालवला. त्यांचे उपकार मोठे आहेत. आपल्या चर्चच्या पत्रिका त्यांच्याच जोरावर छापल्या गेल्या. मात्र त्या काळच्या फाँटांची युक्ती अशी होती की इंग्रजी व युरोपीय अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर काना, वेलांटी, अर्धा क, रफार यांची चित्रे बसवायची, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. संगणकाच्या लेखी तेथे मराठी नव्हतीच. होती ती युरोपीय अक्षरे, मराठीचा मुखवटा घातलेली. मुखवटा मागे राहिला की खालचा चेहरा दिसणारच.

अशी वेळ आपल्या समाजावर पहिल्यांदा आलेली नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले ते रोमी लिपीत, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. मराठीचे इतके गोडवे गाणाऱ्या कवीला आपली मराठी परक्या अक्षरांत पाहावी लागली. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हाताने नकलून घेणाऱ्यांमुळे. तशा हस्तलिखितांवरून १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला तो पुन्हा रोमीत छापला, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत. पहिल्या छपाईपासून मोजले तर तीनशे चाळीस वर्षे. खिळे नव्हते म्हणून स्टीफन्स लिहायचे थांबले नाहीत, आणि नकलाकारांनीही सोयीची वाट पाहिली नाही.

आमच्या तरुणाने एक गोष्ट चतुराईने केली. प्रोग्राम आणता येत नसला तरी त्याचा फाँट ही एक साधी फाइलच असते. ती जुन्या डिस्कवर सापडली, नव्यात बसवली, आणि गाणी पुन्हा मराठी अक्षरांत दिसू लागली. पण ती नुसती दिसत होती. शब्द शोधावा तर सापडत नव्हता. मोबाइलवर पाठवावे तर पुन्हा टोप्या आणि पौंड. म्हणून सारे युनिकोडमध्ये रूपांतरित करणे भाग होते, आणि त्यासाठीचा प्रोग्राम मिळतो.

तो चालवल्यावर पहिल्याच भक्तिगीतात ‘खि्रस्त’ असे उमटले. आपल्या तारणाऱ्याचे नावच मोडून पडले होते! जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी आधी टंकली जाई आणि मग अक्षर. युनिकोडमध्ये आधी अक्षर व मग वेलांटी साठवतात. रूपांतर करणाऱ्याने वेलांटी ‘ख’ वरून उडी मारून नेली आणि खालच्या रकारापाशी अडखळला. रफाराचेही तेच: ‘पूर्व’ मध्ये जुना फाँट रफार ‘व’ नंतर ठेवतो, युनिकोड आधी. अशा चुका मराठीत डोळ्यांना लगेच बोचतात, आणि जुन्या फाँटातील पान शेजारी ठेवून दुरुस्तही करता येतात. सुमारे एकशे दहा गाणी आम्ही त्या रीतीने तपासली. सिस्टर मोठ्याने वाचत, मी पडद्यावर सुधारीत असे.

खरी अडचण उरलेल्या तीसेक गाण्यांची. त्या फाइली मधल्या कुठल्यातरी वर्षी दुसऱ्या प्रोग्राममधून गेल्या असाव्यात. काही खुणा वाटेतच गळून गेल्या होत्या. जुन्या फाँटातही तेथे रिकामी जागाच दिसे. मराठी वाक्यातील गळलेले अक्षर शाळकरी पोरही भरील. पण ही पावरी! तिला स्वतःची लिपी नाही. मास्तरांनी कानावर पडले तसे आपल्या अक्षरांत लिहिले होते, आणि तो कान आता नाही. एका ओळीत तीन जागा रिकाम्या असल्या की तर्क चालत नाही. माझ्या मते तर्काने भरलेले अक्षर रिकाम्या जागेहून वाईट, कारण पुढच्या माणसाला ते खरे वाटते.

तेव्हा ती गाणी मोठ्या अक्षरांत, दोन ओळींत भरपूर अंतर सोडून कागदावर छापली आणि पाड्यांवर नेली. पहिल्या पाड्यावरच्या आजींनी कागदाकडे पाहिलेही नाही. सिस्टरांनी पहिली ओळ अडखळत वाचली, तशा आजी हसल्या, आणि डोळे मिटून सगळे गाणे म्हणून गेल्या; मास्तरांनी न लिहिलेली दोन कडवीही. आम्हाला तिसऱ्यांदा म्हणायची विनंती करावी लागली, तेव्हा कुठे रिकाम्या जागा भरल्या. “तुमच्या मशीनला पाठ नाही का?” असे त्यांनी विचारले.

अशी एकोणीस गाणी पुरी झाली. नवी प्रत युनिकोडमध्ये दोन ठिकाणी ठेवली आहे, आणि एक छापील प्रत स्नानसंस्काराच्या वह्यांच्या कपाटात. जुनी हार्ड डिस्कही कागदात गुंडाळून तेथेच ठेवली; भंगारात द्यायला फादरांचा जीव झाला नाही. अकरा गाणी अजून राहिली आहेत. ती ज्यांना येतात त्या बायका ऊसतोडीला गुजरातेत गेल्या आहेत, होळीला परततील. त्यांचे कागद वेगळ्या पाकिटात आहेत, सोबत एक पेन्सिल.