आत्याच्या नळाचं पाणी

भोपाळला आत्याकडे गेलं की आधी माठातलं पाणी मिळतं. "आपल्या बड्या तालाबचं आहे," असं ती अभिमानानं सांगते. या डिसेंबरात लेकीला घेऊन तो तलाव निवांत पाहिला.

राजा भोजानं अकराव्या शतकात कोलांस नदी अडवून हा तलाव केला, असं मानतात. म्हणजे माणसानंच बांधलेला. तरी काठावर वनविहार राष्ट्रीय उद्यान आहे, हिवाळ्यात दूरदेशीची बदकं उतरतात, आसपासच्या पाणथळीत सारसही दिसतात. मोठा आणि छोटा हे दोन्ही तलाव मिळून 'भोज वेटलँड' होतं. २००२ साली त्याला रामसर दर्जा मिळाला.

"इकॉलॉजी म्हणजे काय रे बाबा?" लेकीनं विचारलं. हा शब्द १८६६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेकेलनं घडवला, ग्रीक 'ओइकोस' म्हणजे घर यावरून. म्हटलं, "एका घरात कोण कोण राहतं आणि कोणाचं कोणावाचून अडतं, ते पाहायचं."

तलावात हे डोळ्यांनी दिसतं. कोलांस शेतांमधून येते. पावसात खत वाहून आलं की शेवाळ आणि जलपर्णी माजतात. त्या कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे गुदमरतात, माशांवर जगणारे पक्षी उपाशी राहतात. आपण उपवासाला खातो तो शिंगाडाही इथे पिकतो. त्यावर मारलेलं औषध पाण्यातच उतरतं. आणि हेच पाणी शुद्ध होऊन शहराच्या मोठ्या भागाला जातं.

रात्री जेवताना हे सांगितलं. आत्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. प्लास्टरची रंगीत मूर्ती, विसर्जन वर्षानुवर्षं तलावात. लहानपणी मीही त्या मिरवणुकीत ओरडत असे. प्लास्टर लवकर विरघळत नाही, रंगांत विषारी धातू असू शकतात, हे ऐकून ती दुखावली.

"माझ्या बाप्पानं पाणी खराब होतं होय रे?"

मी गप्प बसलो. लेक म्हणाली, "आजी, बाप्पा तलावात जातो आणि तलाव आपल्या माठात येतो."

आत्या काही बोलली नाही. सकाळी निघताना मात्र तिनं विचारलं, "पुण्याहून शाडूची मूर्ती न मोडता आणता येईल का रे? बादलीत विसर्जन करीन. पाणी जास्वंदीला घालू."

भाद्रपदात मूर्ती मांडीवर घेऊन भोपाळला जायचं ठरलं आहे.