घरशोधा, जरा दमाने घे

प्रिय घरशोधा,

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या केशोरी गावात घर शोधायची रीत नव्हती. ते वाटणीत यायचे, नाहीतर घरकुलाच्या यादीत नाव लागले की बांधायला घ्यायचे. भाऊ वेगळे झाले की सपरीच्या मधोमध भिंत उभी राही आणि एका घराची दोन होत. विकायचे घर बघत हिंडणे हे शहरातले खूळ, असे म्हातारी माणसे म्हणत. आता तू अर्जुनी मोरगावला भेटतोस, वडशाला भेटतोस, गोंदियाला तर हमखास. मुलांच्या शिकवणीचे निमित्त तुला पुरते.

एकदा डोक्यात शिरलास की काही सुचू देत नाहीस. मिरचीचा तोडा सुरू आहे, बाजारात काय भाव निघाला ते विचारायला हवे आणि माणूस मोबाइलवर कुणाच्या तरी रिकाम्या हॉलचे फोटो बघत बसलेला. धानाचे चुकारे जमा झाले की हिशेब बियाण्याचा नाही, प्लॉटच्या चौरस फुटांचा. लग्नाला गेलो तर पंगतीत ताटाकडे लक्ष नाही. मांडवाशेजारचे घर कुणाचे, काढायचे आहे का, ही चौकशी. बायको ओटा कुठे हवा ते ठरवते, मुलगी खिडकी निवडते, आई विचारते, तुळस कुठे ठेवाल? घराचा पत्ता नाही आणि देवघराच्या दिशेवरून भांडण होऊन मिटलेसुद्धा! हा आनंद खोटा नाही. घर घेतल्यावर हप्ते सुरू होतात. त्यामानाने तुझ्या संगतीचे दिवस चैनीचेच.

ही चैनही सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. जवळच गोठणगावच्या बाजूला तिबेटी वसाहत आहे. 1972 साली ती वसली तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. देश सुटलेल्या त्या माणसांना पसंती-नापसंती कुणी विचारली नाही. मिळाली त्या जागेवर त्यांनी संसार मांडला.

माझी तक्रार वेगळीच आहे. तू डोळे दिपवतोस आणि नेमके बघायचे तेच बघू देत नाहीस. दलाल सोबत असला की आपण नळ सोडून बघतो, टाइल्सवरून हात फिरवतो, भिंत वाजवतो. आमच्याकडे भिंतीआधी जमीन तपासावी लागते. सातबारावर भोगवटादार वर्ग-2 असे लिहिलेले असेल तर परवानगीशिवाय व्यवहार करता येत नाही. जमीन आदिवासीची असेल तर बिगर आदिवासीला ती मंजुरीशिवाय घेता येत नाही. जमीन महसूल संहितेची कलमे 36 आणि 36-अ त्यासाठीच आहेत, आणि ती असायलाच हवीत. गावठाणातल्या घराचे आणखी निराळे. तिथे लोक ग्रामपंचायतीचा नमुना 8 पुढे करतात. तो कर आकारणीचा उतारा. त्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. 2020 मध्ये स्वामित्व योजना आल्यापासून ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या. ती असेल तर आधी ती मागावी.

आणि झुडपी जंगल! नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांच्या महसुली नोंदींत हा शब्द पडून आहे आणि त्या जमिनींवर कुठे वस्ती, कुठे शाळा, कुठे सरकारी कचेरी उभी आहे. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाची जमीन वनजमीनच मानायची, असा निकाल दिला. 12 डिसेंबर 1996 पूर्वी झालेल्या वाटपांना दिलासा दिला, पण त्यांनाही नियमित होण्यासाठी केंद्राच्या मंजुरीची वाट धरावी लागणार. म्हणजे घर पक्के, रंग ताजा आणि खालची जमीन जंगल, असेही निघू शकते. हे दलाल सांगत नाही. तू तर नाहीच नाही.

तेव्हा घरशोधा, येऊ नकोस असे मी म्हणत नाही. ये, पण क्रम बदल. आधी तलाठ्याकडे ने. मग वकिलाकडून तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध घ्यायला लाव. एकदा दलालाला वगळून शेजाऱ्यांशी गाठ घालून दे. पाणी कुठवर येते आणि वाद कुणाचा चालू आहे, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नसते. ओटा, खिडकी, तुळस यांचा विषय त्यानंतर काढ. आणि कागद हातात पडेपर्यंत आमच्याकडून विसार तेवढा देववू नकोस.

तुझाच,
केशोरीचा एक शेतकरी