लिहायचे की पुसायचे?

आमच्या सालेकशात मोबाईल आता धानाच्या बांधीपर्यंत पोचला आहे. चुकारे थकले, रेशन कमी मिळाले, की आमची पोरे व्हॉट्सॲपवर लिहितात. लगेच घरातून आवाज येतो, "बाबू, ते पुसून टाक. आपला तालुका नक्षलग्रस्त म्हणतात. उद्या कोणी दारात आले तर?" आईची भीती खोटी नाही. हातावर पोट असणाऱ्याला कोर्टाची एक तारीखही परवडत नाही.

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. एकीने फेसबुकवर मुंबई बंदविषयी प्रश्न विचारला होता, दुसरीने तो फक्त 'लाईक' केला होता. ही अटक घराघरांत लक्षात राहिली. पुढचे मात्र फारसे कोणी सांगत नाही. एका मुलीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ते ६६ अ कलमच रद्द झाले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकावर व्हॉट्सॲप स्टेटसवरून गुन्हा दाखल झाला होता. कलम ३७० हटवल्याचा दिवस त्यांनी 'काळा दिवस' म्हटला होता. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करणे हा नागरिकाचा हक्क आहे, असे बजावले.

हा हक्क संविधानाच्या कलम १९ चा. असे संरक्षण जिथे दुबळे, तिथे काय होते? बुद्धाला मानणाऱ्या थायलंडमध्ये राजघराण्याविषयी फेसबुकवर लिहिले म्हणून एका तरुणाला जानेवारी २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ५० वर्षांची शिक्षा दिली.

म्हणून आम्ही घरात काही गोष्टी ठरवल्या आहेत. खरे तेवढेच लिहायचे. तारीख, आकडा आणि पावतीसह. शिवी नाही, कोणत्याही जातिधर्माविरुद्ध चिथावणी नाही. तिथे कायदा आपल्या बाजूने उभा राहत नाही. आलेला मजकूर तपासल्याशिवाय पुढे धाडायचा नाही. आणि प्रसंग आलाच, तर घाबरून कोऱ्या कागदावर सही करायची नाही. अनुसूचित जाती-जमातींना, महिलांना आणि कोठडीतल्या माणसाला १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. त्यासाठी विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला, तेव्हा आमच्या आजोबांना अक्षरओळखही नव्हती. आज नातवाच्या खिशात छापखाना आहे. सरकार त्याला गप्प करील तेव्हा करील. त्याआधी आपणच त्याच्या तोंडावर हात ठेवू नये.