मांडणीवरून उतरलेली भांडी

कथलाचा चंबू, म्हणजे ईयच्चोम्बू. कुंभकोणमच्या जुन्या घरांत रसम यातच व्हायचं, तिथे स्थायिक झालेल्या तंजावरी मराठी घरांतही. दिवाण सर टी. माधवराव अशाच घरातले, 1828 साली कुंभकोणमलाच जन्मलेले. 1855 मध्ये तंजावरचं मराठी राज्य खालसा झालं. रसम आणि मराठी दोन्ही घरात राहिली.

कथील 232 अंशांना वितळतं. रिकामा चंबू जाळावर ठेवला की बूड गेलंच. म्हणून आधी चिंचेचं पाणी, मग जाळ, तोही बेताचा. आत पाणी आहे तोवर धातू शंभर अंशांच्या फार वर चढत नाही. फेस काठाशी आला की उतरवायचं, खळखळू द्यायचं नाही. फोडणी वेगळ्या पळीत करून वरून ओतायची. हे कुठे लिहिलेलं नसायचं. सासूशेजारी उभं राहूनच सून शिकायची. स्टीलच्या पातेल्याला यातलं काहीच लागत नाही.

फिरकीचा पितळी तांब्या, तिकडचा कूजा. आतून कल्हई, वर कडी. रेल्वेत घरचं पाणी यातून जायचं. कल्हईवाला फिरकेनासा झाला, पाठोपाठ प्लास्टिकची बाटली आली.

पितळी दबरा-टंबलर. हायवेवर ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’च्या पाट्यांखाली अजून चमकतो. घरोघरी स्टील.

चिनी मातीची बरणी. मीठ-आंबट पितळेला चालत नाही, म्हणून लोणचं हिच्यात, तोंडाला दादरा बांधून.

वेंगल पानै, पोंगलचं काशाचं भांडं. गळ्यात हळदीचं ओलं रोप बांधायचं. आता पुष्कळ घरांत ते रोप कुकरला बांधतात. बांधतात हेही मला मोलाचं वाटतं.

जपानात अरिता-हासामीच्या भट्ट्यांतून निघालेल्या निळ्या-पांढऱ्या वाट्याही साध्या माणसांच्या रोजच्या जेवणातल्या. आज त्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत दिसतात. साध्या वापरातल्या वस्तूंचं सौंदर्य लोकांपुढे यावं म्हणून यानागी सोएत्सु यांनी 1936 मध्ये तोक्योत संग्रहालय उघडलं. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी जमवली. दोघांचे उपकार मोठे आहेत. पण काचेआडच्या चंबूखाली जाळ किती ठेवायचा, हे संग्रहालयात शिकता येत नाही.

जुनं पितळ मोडीत किलोवर जातं. कथलाचा चंबू कुंभकोणमला अजून नवा मिळतो. घेणाऱ्याने तो शोभेला न ठेवता पहिल्याच आठवड्यात त्यात रसम करावं, आणि करताना घरातल्या पोरांना चुलीशी बोलवावं.