लाल कुठला, निळा कुठला

माझा भाचा 32व्या आठवड्यातच जन्माला आला. लगेच काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, म्हणून त्याच्या अब्बांनी कानातली अज़ानही पेटीच्या गोल खिडकीतून, नर्सबाईंनी बजावल्याप्रमाणे अगदी हळू दिली. चौथ्या दिवशी डॉक्टरांना ठोक्यांबरोबर एक जादा आवाज ऐकू आला. टूडी इको करायचं ठरलं.

यंत्र पेटीपाशीच आणलं होतं. बहीण टाके सांभाळत व्हीलचेअरवर बसलेली, मी मागे उभा. बोटाएवढा प्रोब छातीवर टेकला आणि पडद्यावर एक करडं हृदय धडधडू लागलं. मग मध्येच लाल-निळे रंग उसळले. बहीण पुटपुटली, "भाई, ये नीला क्या है?"

मी शिक्षक. ठाऊक नसलं तरी उत्तर द्यायची सवय. शाळेतला हृदयाचा तक्ता आठवला आणि सांगून मोकळा झालो: निळं म्हणजे अशुद्ध रक्त, लाल म्हणजे शुद्ध. वर हेही जोडलं, "लाल दिसतंय ना, मग काळजी करू नकोस." ती काही बोलली नाही. तिला वॉर्डात नेलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी मेहुण्यांना आणि मला बोलावलं. मी त्या निळ्याचं विचारलं तर ते हसले. हे रंग रक्ताचे नाहीतच, दिशेचे आहेत. प्रोबकडे येणारं रक्त यंत्र लाल दाखवतं, दूर जाणारं निळं. तो निळा प्रवाह फुप्फुसांकडे चालला होता, जायला हवा तिकडेच. काळजीचा होता तो त्याला लागून दिसणारा बारीक लाल झोत.

गर्भात बाळाची फुप्फुसं श्वासाचं काम करत नाहीत, म्हणून बरंचसं रक्त एका छोट्या नळीतून परस्पर महाधमनीत जातं. पूर्ण दिवसांच्या बाळात ही नळी बहुधा दोन-तीन दिवसांत मिटते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात पुष्कळदा उघडी राहते आणि मग उलटं होतं. महाधमनीतलं रक्त फुप्फुसांत शिरतं, तिथून हृदयाच्या डाव्या बाजूकडे जास्तीचं परततं आणि ती बाजू फुगते. म्हणून डॉक्टरांनी डाव्या अलिंदाची रुंदी महाधमनीशी ताडून पाहिली होती. ती दीडपटीच्या वर निघाली. पण डावं निलय दर ठोक्याला चांगलं आवळत होतं. हृदय जास्तीचं राबत होतं, पण थकलं नव्हतं.

(अलिंदाला आमच्या लहानपणी कर्णिका म्हणत, कर्ण म्हणजे कान. अरबीतही त्याला उज़ैन म्हणतात, छोटा कान. अज़ान हा शब्दही त्याच धातूतला. आणि इको तर आवाजावरच चालतो. आपल्याला ऐकू न येणारा आवाज आत सोडायचा, परतलेल्या पडसादातून चित्र काढायचं. 1953 साली स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी हृदयावर पहिल्यांदा लावलं ते यंत्र मुळात धातूतल्या भेगा शोधणारं होतं.)

दोन जिने चढून वॉर्डात गेलो. बहिणीने जेवणाचं ताट उघडलंही नव्हतं. अर्धा दिवस ती माझ्या चुकीच्या उत्तरासोबत एकटी होती. रिपोर्टच्या पाठीवर नळी काढून सगळं पुन्हा सांगितलं, आधीचं चुकलं हेही सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे तुम्ही मला ज्याच्यावर भरवसा ठेवायला सांगितलात, तोच लाल..."

"हो," म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

नळी मिटण्यासाठी जे औषध सुरू झालं ते पॅरासिटामॉल, तापाला घेतो तेच. अम्मींचा तर विश्वासच बसेना. तीन दिवसांनी पुन्हा इको झाला. या वेळी बहीण चालत आली. पडदा लुकलुकला, रंग उमटले. डॉक्टर प्रोब इकडेतिकडे फिरवत होते, बोलत नव्हते. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"भाई, लाल दिसतंय का?"

"नाही."

"आणि निळा?"

"आहे."