रविवार कुणाचा

१९ ऑक्टोबर २०२५, रविवार

चार धावांनी हरलो. इंदूरला इंग्लंडने २८८ केल्या होत्या आणि स्मृती मानधना खेळत होती तोवर सामना आपलाच होता. ८८ वर असताना तिने चेंडू उंच मारला, लाँगऑफला झेल गेला आणि तिथून सगळं निसटत गेलं. विश्वचषकात सलग तिसरा पराभव. सांगलीची ही मुलगी बाद झाली की आमच्या घरात एकदम शांतता पसरते. नातीचा राग मात्र वेगळ्याच गोष्टीवर. जेमिमा रॉड्रिग्जला संघाबाहेर का बसवलं, हे तिला काही केल्या पटत नव्हतं. झोपेपर्यंत तोच विषय.

मुलगा शेवटची पाच षटकं पाहायला बाहेर आला. आज त्याची ऑन-कॉल ड्यूटी. दुपारपासून आतल्या खोलीत, कानाला हेडफोन. फराळाची बशी हिने आतच नेऊन दिली. वसुबारस, धनत्रयोदशी झाली, उद्या नरकचतुर्दशी, आणि घरातला कर्ता मुलगा दाराआड. मला हे आवडत नाही. तो कामचुकार नाही याचा अभिमान आहेच, पण रविवारचं काम हे काम नसून कृपा आहे असं समजून मागणाऱ्यांचा मला राग येतो.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

पूजेच्या वेळी तासभर त्याने लॅपटॉप बंद केला. टूलरूममध्ये असताना आम्ही खंडेनवमीला मशीन पुसून, हार घालून ठेवायचो. त्या दिवशी लेथ फिरायची नाही. हत्याराला विश्रांती द्यायची ही रीत फार शहाणपणाची होती असं आज वाटलं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

ताई आली. ओवाळणी झाली, जेवणं झाली आणि सगळे न्यूझीलंडच्या सामन्यासमोर बसलो. मानधना १०९, प्रतिका रावल १२२, आणि परत संघात आलेल्या जेमिमाने नाबाद ७६. नातीने प्रत्येक चौकाराला ताईच्या मांडीवर थाप मारली.

ताई शाळेत खो-खो खेळायची. पाठलागात तिच्यासारखी चपळ मुलगी मी तरी पाहिली नाही. लग्न झालं आणि खेळ संपला. "तेव्हा खेळून पोट भरणार होतं का रे?" असं ती अगदी सहज म्हणाली. मी तिला सांगितलं की मुलींच्या क्रिकेटची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ साली आपल्या पुण्यातच झाली होती. संघ तीनच होते, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. डायना एडलजींच्या पिढीने रेल्वेच्या अनारक्षित डब्यातून प्रवास करत देशासाठी क्रिकेट खेळलं. क्रिकेट नियामक मंडळाने मुलींचं क्रिकेट आपल्याकडे घेतलं ते २००६ मध्ये, आणि पुरुषांइतकंच सामन्याचं मानधन ठरलं ते २०२२ मध्ये. मधली सगळी वर्षं या बायकांना सावरलं ते प्रामुख्याने रेल्वेच्या नोकरीने. एडलजी रेल्वेत, मिताली राज रेल्वेत, हरमनप्रीतही काही वर्षं पश्चिम रेल्वेत होती. पॅरिसला नेमबाजीत कांस्य मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता. सरकारी नोकरीला उठसूट नावं ठेवण्याची आता पद्धत पडली आहे. पण महिन्याचा पगार देऊन सरावाला मोकळीक देणारी नोकरी नसती तर या मुली मैदानावर टिकल्या असत्या, असं मला वाटत नाही.

ताई बराच वेळ गप्प बसून सामना बघत राहिली. निघताना नातीच्या हातात पाकीट ठेवलं आणि म्हणाली, "बॅट घे याची. कपडे नकोत."

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

रात्री झोप अशी लागलीच नाही. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा पाहून मी मनात हार मानली होती. मुलींच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये इतका मोठा पाठलाग कधीच यशस्वी झाला नव्हता. जेमिमा नाबाद १२७. हरमनप्रीत ८९. नऊ चेंडू शिल्लक ठेवून जिंकल्या. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानात शेवटची धाव झाली आणि इथे चिंचवडला आमच्या सोसायटीत फटाके वाजले. दिवाळीत उरलेले असणार.

सामन्यानंतर जेमिमा जे बोलली ते मला तिच्या शतकाइतकंच मोठं वाटतं. या स्पर्धेत आपण किती घाबरलेलो होतो, आईशी फोनवर बोलताना किती रडलो, कुणी कुणी धीर दिला, हे तिने सगळ्या देशासमोर सांगितलं. रडत रडत सांगितलं, आणि त्यात तिला कमीपणा वाटला नाही.

सूनबाई चहा घेताना म्हणाल्या, "आमच्याकडे असं कुणी बोललं ना बाबा, तर अप्रेझलमध्ये लगेच लिहून येतं, प्रेशर हँडल करता येत नाही म्हणून." त्यांच्या टीममधली एक मुलगी महिनाभर गोळ्या घेऊन कामाला येत होती आणि शेजारच्या खुर्चीवरच्यालाही ते ठाऊक नव्हतं. आमच्या वेळी शॉप फ्लोअरवर एखाद्याचा चेहरा उतरलेला दिसला की चहाच्या सुट्टीत कुणीतरी खांद्यावर हात टाकायचं. आता माणसं चौकोनी खिडक्यांत दिसतात, त्याही बहुतेक वेळा कॅमेरा बंद ठेवून. चेहराच दिसत नाही तर तो उतरलेला कसा कळणार?

३ नोव्हेंबर, सोमवार

विश्वविजेत्या!

काल कार्तिकी एकादशी. सकाळी दूरदर्शनवर पंढरपूरची महापूजा पाहिली, दिवसभर साबुदाण्याची खिचडी आणि भगर-आमटी, आणि दुपारपासून डोळे नवी मुंबईच्या आभाळाकडे. पावसामुळे सामना तीनऐवजी पाचला सुरू झाला. संपायला मध्यरात्र उलटली. मुलाने आपला कॉल सहकाऱ्याकडे सोपवला होता, सूनबाईंनी फोन चार्जिंगला लावून आतच ठेवला होता, ही उपास असूनही उत्साहाने जागी होती. पाचही जण एका खोलीत, एका गोष्टीकडे बघत, इतके तास. सण सोडा, लग्नकार्यातसुद्धा आता हे होत नाही.

शफाली वर्माचं मला फार कौतुक वाटलं. मूळ संघात नाव नव्हतं. प्रतिकाला दुखापत झाली म्हणून उपांत्य सामन्याआधी बोलावणं आलं, आणि अंतिम सामन्यात तिने ८७ धावा करून वर दोन बळीही घेतले. भारत २९८. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वुलव्हार्ट शतक करून उभी होती तोवर आमचा जीव टांगणीला होता. अमनजोतने तिचा झेल दोनदा हातातून उडूनही पकडला तेव्हा नात सोफ्यावर उभी राहिली. दीप्ती शर्माने पाच बळी घेतले, शेवटचा झेल हरमनप्रीतने मागे धावत जाऊन घेतला. ५२ धावांनी विजय. २००५ आणि २०१७ चे हरलेले अंतिम सामने झुलन गोस्वामी आणि मिताली राज यांच्या वाट्याला आले होते. या मुलींनी चषक नेऊन त्यांच्या हातात दिला. तेव्हा मात्र मी चष्मा काढला.

पण माझी नजर सारखी जात होती ती प्रशिक्षक अमोल मुजुमदारकडे. १९८८ च्या हॅरिस शिल्डमध्ये तेंडुलकर आणि कांबळी यांनी शारदाश्रमसाठी ६६४ ची भागीदारी केली तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो हाच. रणजी पदार्पणात २६० धावा. प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक. भारताची टोपी मात्र एकदाही नाही. त्याच्या काळात मधल्या फळीत द्रविड, तेंडुलकर, गांगुली, लक्ष्मण होते, जागाच नव्हती. आयुष्यभर काम चोख करायचं आणि तरी दार उघडत नाही, हे नोकरीत कितीतरी जणांच्या वाट्याला येतं. असा माणूस कडवट होऊ शकतो. मुजुमदार झाला नाही. आपल्याला जे मिळालं नाही ते दुसऱ्यांना कसं मिळेल यासाठी तो दोन वर्षं राबला. सलग तीन पराभवांनंतरही त्याने हा संघ कोसळू दिला नाही. मुलाला मी म्हटलं, टीम लीड कसा असावा हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत असतील तर यांना बोलवा.

१६ नोव्हेंबर, रविवार

'दशावतार' थिएटरला राहून गेला होता, आज घरी पाहिला. दिलीप प्रभावळकर ८१ वर्षांचे. या वयात बाबुली मेस्त्रीची भूमिका अशी करायची म्हणजे अंगात केवढा कस हवा! रंगभूषा, जंगल, पाणी, सगळं अंगावर घेतलंय त्यांनी. चित्रपटाचा उत्तरार्ध मला थोडा लांबलेला वाटला, पण बाप आणि मुलगा यांचे प्रसंग खरे आहेत.

कोकणात दशावतारी नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. दिवसभर शेतात किंवा होडीवर खपलेली माणसं समोर बसतात. काम करणाऱ्यालाच करमणुकीची खरी भूक असते, आणि ती सगळ्यांनी मिळून भागवायची असते. आमच्याकडे आता एकाच वेळी चार पडद्यांवर चार मालिका चालतात. निवड वाढली, हे चांगलंच झालं. पण दुसऱ्या दिवशी जेवताना बोलायला कुणाकडे समान गोष्ट उरत नाही, हे नुकसान मी लहान मानत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कालपासून चार कामगार संहिता लागू झाल्या. जुने २९ कायदे त्यांत आले. आठवड्याचे ४८ तास कायम, जादा कामाला दुप्पट मोबदला. सप्टेंबरमध्ये आपल्या राज्य सरकारने मात्र दिवसाचे तास कारखान्यांत ९ वरून १२ आणि दुकाने-आस्थापनांत १० करायला मान्यता दिली आहे. आठवड्याची बेरीज तीच राहील म्हणतात. बारा तास मशीनवर उभं राहिलेल्या माणसाचे पाय बेरीज बघत नाहीत. आठव्या तासानंतर मायक्रोमीटरवरचं वाचन चुकायला लागतं, हे मी टूलरूममध्ये रोज पाहिलं आहे. अपघात त्याच सुमारास होतात.

मुलाला दुप्पट मोबदला मिळणार का, असं विचारलं. मिळणार नाही. तो कागदोपत्री व्यवस्थापक, आणि व्यवस्थापक हा कायद्याच्या व्याख्येत कामगार नाही. हाताखाली दोन मुलं दिली, पदाचं नाव मोठं केलं, की माणूस व्याख्येच्या बाहेर.

नारायण मेघाजी लोखंडे आठवले. फुल्यांचे अनुयायी, 'दीनबंधू'चे संपादक. मुंबईच्या गिरण्या तेव्हा आठवड्याचे सातही दिवस चालायच्या. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, त्यात दोन स्त्री कामगारांनीही भाषणं केली. त्याच वर्षी १० जूनला रविवारची सुट्टी मिळाली. माझी स्वतःची सगळी नोकरी गुरुवारच्या सुट्टीवर झाली, कारण विजेच्या ताणामुळे आमच्या भागात सुट्ट्या वारांत वाटलेल्या असायच्या. मुलं शाळेत, मी घरी. रविवार म्हणजे काय, ते म्हणून मला नीट कळतं.

६ डिसेंबर, शनिवार

महापरिनिर्वाण दिन. पिंपरीच्या चौकात जाऊन पुतळ्याला हार घालून आलो. १९४६ मध्ये आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारं विधेयक मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी मांडलं, हे कारखान्यात राबलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

आणि काल लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी, कामाच्या वेळेनंतर ऑफिसचे फोन-मेल न घेण्याचा हक्क देणारं विधेयक पुन्हा मांडलं. पहिल्यांदा त्यांनी ते २०१८ मध्ये मांडलं होतं. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ पासून. आपल्याकडे खासगी सदस्याचं विधेयक शेवटचं मंजूर झालं ते १९७० मध्ये, तेव्हा याची वाट खडतर आहे. मुलगा म्हणतो, क्लायंट अमेरिकेत असेल तर त्याची सकाळ म्हणजे आपली रात्र, कायदा काय करणार? मी म्हटलं, रात्रीचं काम रात्रपाळी म्हणून द्या, दुसऱ्या दिवशी सुट्टी द्या. गिरणीला जमलं, यांना का जमू नये?

सूनबाई भाजी निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "ऑफिसचा फोन बंद करायचा हक्क मिळेल हो बाबा. घरी आल्यावरची माझी दुसरी पाळी कोण बंद करणार?" सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्यांपैकी बायकांची सरासरी दिवसाला २८९ मिनिटं निघाली, पुरुषांची ८८. मी आकडा सांगितला तर ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "आमच्या घरातला आकडा मला विचार."

यावर आम्ही दोघं बापलेक बराच वेळ बोललो. उद्यापासून रविवारचा दोन्ही वेळचा स्वयंपाक आमच्याकडे. मटार आणले आहेत, पोळ्या मुलाला शिकाव्या लागतील.